बालमित्र दुरावतात तेव्हा

पहिलीपासून एका बाकावर बसलेले दोन मित्र आठवी-नववीत आले की जेमतेम बोलतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. भांडण झालेलं नसतं. एकाला क्रिकेटचं वेड लागतं, दुसरा रविवारी दुर्बीण घेऊन नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जातो. मग घरी आई विचारते, "काय रे, तो हल्ली येत नाही? भांडलात का?"

माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. मैत्री कमी झाली म्हणजे कोणीतरी दोषी असणारच, असं आपण मोठी माणसं धरून चालतो. लहानपणीची मैत्री बहुतेक वेळा शेजारामुळे होते. एकच गल्ली, बांधाला बांध, शाळेची एकच एसटी. आपल्या निफाड तालुक्यात तर ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी सुरू झाली की घरोघरी सारखीच गडबड, त्यामुळे बोलायला विषय आपोआप मिळतात. पुढे ज्याची त्याला आवड सापडते. एक वडिलांबरोबर बागेत रमतो, दुसऱ्याला नाशिकला जाऊन शिकायचं असतं. यात कोणाचं काय चुकलं?

खरं दुखणं वेगळंच आहे. नवा ग्रुप मिळाला की जुन्या मित्राच्या आवडीची टिंगल सुरू होते. "आला बघा, बगळे मोजणारा!" (नांदूरमध्यमेश्वर राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं, लांबलांबून लोक येतात, वर्गात मात्र त्याचं हसं.) आणि ही टिंगल जुन्या मित्राला सगळ्यात चांगली जमते, कारण कुठे लागतं ते त्याला ठाऊक असतं. एकटा पडलेला मुलगा मैत्री संपल्याने जेवढा खचत नाही, तेवढा या हसण्याने खचतो. शिक्षक म्हणून मी तिथे मध्ये पडतो. दोघांना पुन्हा एका बाकावर बसवायचा खटाटोप मात्र करत नाही. त्याने अवघडलेपणच वाढतं.

टिळक-आगरकर शिकवताना मुलं हमखास विचारतात, "सर, ते मित्र होते की शत्रू?" दोघांचाही जन्म जुलै 1856 चा. मैत्री जुळली डेक्कन कॉलेजात. 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी 101 दिवस एकत्र काढले. पुढे एकाला राजकीय स्वातंत्र्य आधी हवं होतं, दुसऱ्याला समाजसुधारणा. आगरकरांनी 1887 मध्ये 'केसरी' सोडला, 1888 मध्ये 'सुधारक' काढला, आणि दोघांनी एकमेकांवर चांगलंच कडक लिहिलं. ही काही बालमैत्री नव्हे, आणि वादही आवडीनिवडीपेक्षा फार मोठा. तरी 1895 मध्ये आगरकर गेले तेव्हा 'केसरी'त मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.

तुमच्या दोघांत तर एवढा वादही नाही. पक्षी बघणाऱ्याला क्रिकेट आवडलंच पाहिजे असं नाही. पण सोमवारी शाळेत भेटल्यावर "काल मॅच जिंकलात का?" एवढं विचारायला काय हरकत आहे? आणि क्रिकेटवाल्याने थंडीत विचारावं, "काय रे, यंदा क्रौंच आले का?"