सर्पदंशावरची दोरी पुस्तकातून गेली, शिवारातून कधी जाणार?

मृगाचा पाऊस पडला की पेरणीच्या जोडीनं सर्पदंशाचाही हंगाम सुरू होतो. बिळात पाणी शिरतं, उंदीर-बेडकांच्या मागं साप बांधावर, गोठ्यात आणि घरात येतो. खुरपणीला वाकलेल्या बाईचा हात, रात्री मोटार चालू करायला निघालेल्याचा अनवाणी पाय त्याच्या वाटेत सापडतो. पुढं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. एकजण सुतळी आणतो, नाहीतर डोक्याचा पटका सोडून चावल्या जागेच्या वर करकचून बांधतो. दुसरा ब्लेड शोधतो. तिसरा काठी घेऊन सापाच्या मागं लागतो.

यात कुणाचा हेतू वाईट नसतो. उलट बहुतेक वेळा हे गावातली शिकलेली मंडळीच करतात. दोरी बांधा, चीर द्या, रक्त वाहू द्या, हे काही मांत्रिकानं शिकवलेलं नाही. ते शाळेच्या पुस्तकांनी, प्रथमोपचाराच्या पुस्तिकांनी आणि खुद्द डॉक्टरांनी शिकवलं. आता तोच सल्ला वैद्यकशास्त्रानं मागं घेतला आहे. भारत सरकारच्या २०१७ च्या उपचार मार्गदर्शिकेत दोरी नको, चीर नको, चोखणं नको, असं म्हटलं आहे. शिकवलेली गोष्ट घरोघर पोचली, मागं घेतल्याची बातमी मात्र अजून फाट्यावरच थांबली आहे.

ही बाब किरकोळ नाही. घरोघर जाऊन मृत्यूची कारणं विचारणाऱ्या एका देशव्यापी पाहणीवरून २०११ साली असा अंदाज निघाला, की भारतात वर्षाला सुमारे ४६ हजार माणसं सर्पदंशानं जातात. दवाखान्यांच्या सरकारी नोंदीपेक्षा हा आकडा तीस पटींहून मोठा होता. २०२० साली पुढचा अभ्यास आला. त्यात २००० ते २०१९ या वीस वर्षांत मिळून सुमारे बारा लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असं गणित निघालं. यातले बहुतेक खेड्यातले, त्यातही पावसाळ्यातले. म्हणजे हा आपल्याच घरचा विषय आहे.

आता दोरीनं बिघडतं काय ते पाहू. आपल्याकडं माणूस मारणारे मुख्य साप चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस आणि फुरसे यांचं विष रक्ताची गोठण्याची शक्ती संपवतं. घोणशीचं, आणि नागाचंसुद्धा, विष चावल्या जागेचं मांस सडवतं. दोरी बांधून ते विष तिथंच कोंडून ठेवलं, की त्या जागेची नासाडी वाढते. वरून रक्ताचा पुरवठा बंद. तासा-दोन तासांत पाय काळानिळा होतो आणि विषातून वाचलेल्या माणसाचा पाय दोरीपायी कापावा लागतो. दुसरं असं, की दोरी एकदम सोडली तर साठलेलं विष एका दमात अंगभर जातं आणि रस्त्यातच श्वास बंद पडू शकतो. म्हणून कुणी बांधून ठेवलीच असेल तर ती घरी घाईनं सोडू नका. दवाखान्यात लस आणि श्वासाची सोय तयार ठेवून डॉक्टर ती सोडतात. तिसरं नुकसान डोळ्याला दिसत नाही. दोरी बांधली म्हणजे बंदोबस्त झाला असं वाटून घरातले निवांत होतात आणि अर्धा-पाऊण तास गाडी शोधण्यात नाही, तर चर्चेत जातो.

चोखून विष निघतं का? अमेरिकेत विष ओढायचे पंप पेटीत घालून दुकानात विकले जात. २००४ साली तिथल्या संशोधकांनी खोट्या विषाचं इंजेक्शन माणसांच्या पायात देऊन, लगेच पंप लावून मोजमाप केलं. अंगातलं ते खोटं विष जेमतेम दोन टक्क्यांनी कमी झालं. पंपाची ही गत, तर तोंडानं चोखणाऱ्याची काय! आणि ब्लेडची चीर दिलेला माणूस घोणशीच्या विषानं आधीच रक्त न गोठणारा झालेला असेल, तर ती चीर वाहतच राहते.

मग इतकी वर्षं हा सल्ला टिकला कसा? याचं उत्तर जरा अवघड आहे, पण वाचकहो, तेच या लेखाचं कारण आहे. चावणाऱ्या सापांत बिनविषारी बरेच. धामण, दिवड, तस्कर असे कितीतरी. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही, कोरडा दंशही होतो. असा माणूस काहीही केलं तरी वाचणारच असतो. त्याला मंत्र घातला तर मंत्रानं वाचला, दोरी बांधली तर दोरीनं वाचला, कडुलिंबाचा पाला चघळायला दिला तर पाल्यानं वाचला. जे गेले त्यांच्याबद्दल म्हणायचं, की उशीर झाला. मांत्रिकाचं दुकान ज्या हिशेबावर चाललं, त्याच हिशेबावर पुस्तकातली दोरीही चालली. फरक एवढाच, की पुस्तकवाल्यांनी उशिरा का होईना, हिशेब तपासला आणि आपलं पान बदललं.

यावर पारावर एक सवाल हमखास येतो. 'डॉक्टरच आज एक आणि उद्या एक सांगतात, मग आमचा देवऋषी काय वाईट?' सवाल रास्त आहे, उडवून लावू नये. पण जो तपासून बदलतो आणि जो कधी तपासतच नाही, ते दोघं एका पारड्यात बसत नाहीत. बियाण्याची जात तुम्ही दोन हंगाम एका वाफ्यात लावून पाहता, तशी मंत्राची पाहणी कुणी केली आहे?

बदलाचं एक उदाहरण आपल्याच कोकणातलं आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर. लाल विंचू चावल्यावर फुप्फुसात पाणी भरून धडधाकट पोरं दगावत आणि त्या वेळचे रूढ उपचार तोकडे पडत. बावसकरांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब आणि श्वास यांच्या नोंदी केल्या आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं. ते लागू पडलं. १९८० च्या दशकात 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं काम छापून आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे बहुतेकांना माहीत आहे. मला मोठी वाटते ती मधली गोष्ट. विंचवाची लस उपलब्ध झाल्यावर त्यांनी आपल्या औषधाचा अभिमान धरला नाही. निम्म्या रुग्णांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि लस, अशी रीतसर तुलना केली आणि लस जोडल्यानं रुग्ण लवकर सुधारतो, हे २०११ साली स्वतःच प्रसिद्ध केलं. ज्या औषधानं नाव झालं ते एकटं पुरेसं नाही, असं सांगायला छाती लागते.

उलट बाजूही पाहा. नवं म्हणून सगळंच उचलायचं नसतं. ऑस्ट्रेलियात १९७९ पासून दोरीऐवजी सबंध हातापायाला लवचिक पट्टी गुंडाळण्याची पद्धत आली आणि तिथं ती चांगली चालली. तिथल्या बहुतेक सापांचं विष जागेवर मांस सडवणारं नाही. आपल्याकडं घोणस आहे, फुरसे आहे. मोबाईलवर कुणी तसली चित्रफीत पाठवली म्हणून लगेच पट्टी शोधत बसू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत नाग-मण्यारीसारख्या सापांसाठी तिचा विचार केला आहे, पण अंधारात काय चावलं ते शेतात कोण ओळखणार?

मग करायचं काय, तर थोडंच. माणसाला धीर द्या, चालवू नका. चावलेला हात किंवा पाय काठीची खपाची लावून, हाड मोडल्यावर बांधतो तसा सैल बांधून स्थिर ठेवा. अंगठी, जोडवी, पैंजण, बांगड्या काढा, कारण सूज आली की त्याच दोऱ्या होतात. १०८ ला फोन करा, गाडी यायला वेळ असेल तर मोटारसायकल काढा. पुढं चालवणारा, मध्ये रुग्ण, मागं त्याला धरून बसणारा. नेपाळच्या तराईतल्या काही गावांत अशी मोटारसायकलवाली स्वयंसेवक मंडळी नेमली आणि लोकांना शिकवलं, तेव्हा सर्पदंशातल्या मृत्यूंचं प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आलं. साप मारून आणायची गरज नाही. त्या नादात दुसरा दंश होतो, आणि तोडलेलं मुंडकंसुद्धा चावू शकतं. लांबून फोटो निघाला तर ठीक, नाहीतर राहू द्या.

दवाखान्यात गेल्यावरही एक जुनी समजूत आडवी येते. 'इंजेक्शन का देत नाही' म्हणून नातेवाईक डॉक्टरशी भांडतात. विष चढल्याची खूण नसेल तर लस देऊ नये, असाच नियम आहे, कारण ती घोड्याच्या रक्तापासून बनते आणि काहींना तिची जोरदार ॲलर्जी होते. डॉक्टर कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं हलवल्याशिवाय ठेवतात. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरसे समजायचं. हा वेळकाढूपणा नव्हे. लहान पोराला मोठ्या माणसाइतकीच लस देतात, त्यानंही घाबरू नका. सापानं पोर पाहून विष कमी सोडलेलं नसतं.

मण्यारीचं वेगळं सांगायला हवं. ती रात्री घरात येऊन भुईवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही, दातांच्या खुणाही धड दिसत नाहीत. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं, आणि घरचे अजीर्ण समजून ओवा देतात. पावसाळ्यात असं झालं तर सरळ दवाखाना गाठा. खाट असेल तर खाटेवर झोपा, नसेल तर मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचा. मच्छरदाणीनं सर्पदंश टळतो, हेही नेपाळच्याच पाहणीत दिसलं आहे.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि आशाताई यांच्यासाठी दोन कामं. केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं त्यात ठरलं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रत्येक दंशाची आणि मृत्यूची नोंद सक्तीची करा, असं राज्यांना कळवलं. तेव्हा पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी विचारा, की लशीच्या कुप्या किती आहेत, त्यांची मुदत कधी संपते आणि रात्री दोन वाजता त्या कपाटाची किल्ली कुणाकडं असते. ती नसेल तर जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं, हे आधीच ठरवून ठेवा. मृत्यू दवाखान्याबाहेर, नोंदीशिवाय झाला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानाच्या दोन लाखांसाठी कागद गोळा करताना त्या कुटुंबाचे हाल होतात, हेही ध्यानात असू द्या.

दुसरं काम त्याहून स्वस्त. शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर 'साप चावल्यास वर घट्ट बांधा' असं अजून रंगवलेलं असेल, तर चुन्याचा एक हात मारून ते पुसा आणि आरोग्य केंद्राचा फोन नंबर तिथं मोठ्या अक्षरात लिहा.