आपला चौविहार आणि त्यांची रात्रपाळी



परवा संध्याकाळची जेवणं आटोपून मी ओटा पुसत होते. सहा वाजायचे होते. कॉलेजातून आलेली लेक ताट उचलता उचलता म्हणाली, "आई, माणसानं खरं तर जंगलातच राहायला हवं होतं. फळं खायची, झाडाखाली झोपायचं. तेच नैसर्गिक जगणं." सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "अगं, ते युगलिकांचं झालं. तेव्हा कल्पवृक्ष होते."

त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आपल्या परंपरेतही माणसाच्या सुरुवातीचं चित्र तसंच आहे. दहा प्रकारचे कल्पवृक्ष, ना शेती, ना चूल, ना व्यापार. पुढे काळ बदलला, कल्पवृक्ष पुरेनात, माणसं भांडू लागली. तेव्हा ऋषभदेवांनी काय केलं? परत जंगलात जा असं सांगितलं नाही. शेती शिकवली, मडकं घडवायला शिकवलं, अन्न शिजवायला आणि कापड विणायला शिकवलं. ब्राह्मीला लिपी दिली, सुंदरीला अंक दिले. म्हणजे हातानं काम करून जगणं हे काही निसर्गाविरुद्ध नाही. काम किती करायचं, कधी थांबायचं, प्रश्न एवढाच उरतो.

आणि कधी थांबायचं ते आपल्या घरात सूर्य ठरवतो. सूर्यास्ताआधी जेवायचं, मग पाणीसुद्धा नाही. लहानपणी मला याचा कंटाळा यायचा. मैत्रिणी रात्री पाणीपुरी खायच्या, मी नुसती सोबत उभी राहायची. आता डॉक्टरही लवकर जेवा म्हणतात. शरीराच्या आत दिवस-रात्रीचं घड्याळ कसं चालतं हे उलगडल्याबद्दल २०१७ साली जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग या तिघा शास्त्रज्ञांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपण चौविहार करतो तो जीवदयेसाठी, तब्येतीसाठी नव्हे. तरी उजेडाबरोबर उठावं आणि अंधाराबरोबर आवरावं, हेच माणसाचं नैसर्गिक जगणं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी जंगलात जायला नको, ते भिवंडीतही जमतं.

जमतं, पण कोणाला? इथे मला अवघड वाटतं ते लिहिते.

मी ओटा पुसते त्याच सुमारास आमच्या गल्लीतून माणसं कारखान्याकडे निघतात. हातात डबा, डोळ्यांत अर्धवट झोप. आपल्या गावात यंत्रमागाची पाळी बहुतेक ठिकाणी १२ तासांची. दिवसाची एक, रात्रीची एक. एकच खोली दोन पाळ्यांचे मजूर वाटून घेतात, एक उठला की त्याच जागी दुसरा झोपतो. जेवण बिसीत, म्हणजे त्यांच्या खानावळीत. मजुरी मीटरवर. रात्रभर खडखडाट, नाकातोंडात कापसाची धूळ. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगाला कारण' अशा गटात टाकलं.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी घरं सुताच्या नाहीतर कापडाच्या धंद्यातली आहेत. आमचंही आहे. मी सूर्यास्ताला चूल बंद करते आणि आमचे माग रात्रभर चालतात. माझी रात्र शांत जाते ती कोणाच्या जागरणावर?

प्रतिक्रमणात आपण अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार म्हणतो. बांधणं, मारणं, अवयव तोडणं, अतिभार लादणं, अन्नपाणी तोडणं. मी वर्षानुवर्षं समजत होते की हे बैल-घोड्यांबद्दल आहे, आपल्याकडे कुठे बैल आहेत? पण अतिभार काय फक्त पाठीवरच लादता येतो? वर्षीतपाच्या पारण्याला आपण ती गोष्ट ऐकतो ना, पूर्वभवात बैलांच्या तोंडाला मुसकी बांधायला सांगितली, म्हणून ऋषभदेवांना इतके दिवस आहार मिळाला नाही. खुद्द तीर्थंकरांचा हिशोब चुकला नाही, तर आपला चुकेल का?

मी हे घरी बोलले. आमचे हे शांतपणे म्हणाले, "तास कमी केले तर त्यांचीच कमाई कमी होईल. तेच नको म्हणतील." हे खोटं नाही. गावी पैसे पाठवायचे म्हणून माणूस स्वतःच जास्त मीटर काढू बघतो. पण मग मीटरचा दर वाढवायला हवा. तो आपल्या नफ्यातून जाईल, सूत महाग, वीज महाग, हेही मला माहीत आहे. तरी परिग्रहाचं परिमाण घेतलेल्या घराला हा हिशोब अगदीच न पेलणारा नसावा.

आणि असे बदल होत नाहीत असंही नाही. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना काढली आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळवली. १९४८ च्या कारखाना कायद्यानं दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली. ज्या सुट्टीला आज आपण 'सवयीची' म्हणतो, तीसुद्धा कोणीतरी मागून घेतलेली आहे.

आमच्याकडे अजून फार काही ठरलेलं नाही, उगाच मोठेपणा सांगत नाही. रात्री मधे माग थांबवून एक तास विश्रांती, त्या तासाची मजुरी कापायची नाही, आणि गाळलेल्या थंड पाण्याची टाकी, एवढ्याला हे तयार झाले. आठ तासांच्या तीन पाळ्यांचा विषय मी सोडलेला नाही.

तुम्हालाही एवढंच सांगते. संध्याकाळी ताट वाढताना एकदा घरात विचारा, आपल्याकडे रात्री कोण कामावर आहे, तो कधी जेवतो, कधी झोपतो. धंद्यातलं बायकांना काय कळतं, असं उत्तर येईल. येऊ दे. दुसऱ्या दिवशी परत विचारा.

शुक्रवारी माग बंद असतात तेव्हा गल्लीत चिमण्यांचा आवाज ऐकू येतो. लेकीला मी तेच दाखवलं. म्हटलं, जंगल लांब आहे बाळा, आधी एवढं तरी सगळ्यांना मिळू दे.