एलीचा उलगडा करणाऱ्यांना

टोमास आल्फ्रेडसन यांच्या 'लेट द राइट वन इन' (२००८) ह्या स्वीडिश चित्रपटावर चर्चा सुरू झाली, की पाचदहा मिनिटांत कोणीतरी जाणकार घसा साफ करून 'पण मूळ कादंबरीत असे आहे...' अशी सुरुवात करतो. मग एली मुलगा की मुलगी, तिच्याबरोबर राहणारा होकान हा तिचा बाप, नोकर की जुना प्रियकर, ऑस्करचे पुढे काय होणार, ह्या सर्वांची उत्तरे भराभर मिळतात आणि मंडळी समाधानाने चहाकडे वळतात. माझी तक्रार ह्या समाधानाविषयी आहे. कवितेचा 'मध्यवर्ती आशय' फळ्यावर उतरवल्यानंतर कवितेचे जे होते, तेच येथे चित्रपटाचे होते.

कथानक दोन वाक्यांत मावेल. १९८०च्या दशकाच्या आरंभी स्टॉकहोमच्या ब्लाकेबेर्ग ह्या उपनगरात शाळासोबत्यांचा छळ सोसणारा बारा वर्षांचा ऑस्कर राहतो. शेजारच्या घरात एली येते, तीही 'साधारण बारा'च वर्षांची, फक्त फार काळापासून बारा वर्षांची. ती रक्तावर जगते.

आता 'मूळ कादंबरी'चा मुद्दा. यॉन आयविदे लिंडक्विस्ट यांच्या २००४ सालच्या कादंबरीत एली हा दोन शतकांपूर्वी खच्ची केला गेलेला मुलगा आहे, होकानची विकृती उघड आहे, सारे काही सविस्तर सांगितलेले आहे. हे खरे. पण चित्रपटाची पटकथाही लिंडक्विस्ट यांनीच लिहिली आहे, हे आमचे जाणकार सोयीस्कर विसरतात. ज्या हाताने हे लिहिले, त्याच हाताने ते पटकथेतून वगळले. मग वगळलेले पुन्हा आणून भरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? जुन्या व्रणाचे एकच ओझरते दृश्य उरले आहे, डोळ्याचे पाते लवेपर्यंत संपणारे. कित्येकांना ते दिसतही नाही. ज्यांना दिसते, त्यांनाही त्याचा अर्थ सांगितला जात नाही. 'मी मुलगी नाही,' असे एली ऑस्करला सांगते, तेव्हा ते वाक्य लिंगाविषयी आहे, वयाविषयी आहे की माणूस असण्याविषयी? तिन्ही अर्थ एकाच वेळी जिवंत राहतात, म्हणूनच ते अंगावर येते.

येथे मराठीत लिहिणाऱ्याची एक अडचण सांगितली पाहिजे. एलीविषयी साधे वाक्य लिहायचे, तरी 'आली' की 'आला' हे मला आधी ठरवावे लागते; आपले क्रियापद सवड देत नाही. 'ते मूल आले' म्हणता येईल, पण त्या रूपाला आपल्या व्याकरणाने दिलेले नाव, नपुंसकलिंग, कादंबरी वाचलेल्याला भलतेच टोचेल. मी वर 'ती' लिहीत आलो आहे, कारण ऑस्करला सुरुवातीला तसे दिसते. निर्णय घेतल्याची अस्वस्थता मात्र मला प्रत्येक वाक्यात जाणवते आहे, आणि ती जाणवावी हेच मला योग्य वाटते.

होकानचे पाहा. ऑस्करला आज भेटू नकोस, असे तो विनवतो आणि एली त्याच्या गालावरून हात फिरवते. एवढेच. माया, दया, सवय, की कामाच्या माणसाला दिलेला शेवटचा मोबदला? पुढे, स्वतःचा चेहरा ॲसिडने जाळून घेतलेला हा म्हातारा इस्पितळाच्या खिडकीत तिच्यापुढे आपली मान करतो, आणि गालावरच्या त्या हाताचा अर्थ आपण पुन्हा शोधू लागतो. २०१० साली मॅट रीव्ह्स यांनी अमेरिकेत 'लेट मी इन' नावाने हीच गोष्ट पुन्हा केली. त्यात एक जुने छायाचित्र दाखवले जाते: हा माणूस एकेकाळी ऑस्करसारखाच मुलगा होता. झाले, उत्तर मिळाले! चित्रपट वाईट नाही, पण त्या छायाचित्रानंतर भीतीचे रूपांतर माहितीत होते. उलट, होकानप्रमाणेच ऑस्करचे होणार, हे आल्फ्रेडसनकडे नुसते शंका म्हणून उरते, आणि शेवटच्या आगगाडीत, पेटीवर टकटक करून बोलणाऱ्या मुलाकडे पाहताना ती शंका सोबत असते. खुद्द लिंडक्विस्ट यांनी नंतर एका कथेत ह्या शंकेला उत्तर दिले. लेखकालाही राहवले नाही, तर आपली काय कथा!

संदिग्धतेला 'राखून ठेवलेली माहिती' समजणे, ही मुळातली चूक आहे. माहिती राखणे रहस्यकथेचे काम. येथे प्रश्न एली कोण हा नसून, तिच्या बाजूने असणारे आपण कोण, हा आहे. ऑस्करचे पहिले शब्द आठवावेत: खिडकीशी उभा राहून तो कल्पनेतल्या शत्रूला डुकरासारखा किंचाळ म्हणून सांगतो आहे. पुढे आमंत्रणाशिवाय एलीला घरात पाऊल टाकायला लावून, काय होते ते तो पाहतो. तिच्या अंगातून रक्त फुटू लागेपर्यंत पाहतो. 'निरागस प्रेमकथा' म्हणणाऱ्यांनी हे दोन प्रसंग कोठे ठेवले, मला कळत नाही. आणि 'एलीने नवा नोकर गाठला' म्हणणाऱ्यांनी तरी तिचा आवेग, ते रक्त, कोठे ठेवले?

मग पोहण्याचा तलाव. ऑस्करचे डोके पाण्याखाली दाबलेले, कॅमेरा त्याच्याबरोबर खाली, वरचा आवाज बोथट. पाण्यातून फरफटत जाणारे पाय दिसतात, मग तुटलेले डोके. मारेकरी दिसत नाही. आपल्याला सुटल्यासारखे वाटते. मला तरी वाटले, आणि शेजारी बसलेल्यांनाही वाटल्याचे त्यांच्या निःश्वासावरून कळले. मेले ती मुले होती. त्या टोळीतला एक मुलगा तेवढा काठावर बसून रडत राहतो. त्याच्याविषयी 'मूळ कादंबरीत काय आहे', असे मला अजून एकाही जाणकाराने विचारलेले नाही.