हिशेब फक्त तिच्याच पगाराचा

बाळंतपणाची रजा संपत आली की डॉक्टर, इंजिनिअर, सीए असलेल्या मुलींच्या घरांत एक हिशेब मांडला जातो. पाळणाघराचे पैसे, बाळाला सांभाळणाऱ्या मावशींचा पगार, जाण्यायेण्याचा खर्च. हे सगळे वजा होते ते आईच्या पगारातून. उरलेल्या पैशांसाठी एवढी दगदग कशाला, असे ठरते. राजीनामा दिला की तो तिचा स्वतःचा निर्णय म्हणून सांगितला जातो. मूल दोघांचे, मग हा खर्च बाबांच्या पगारातून का वजा होत नाही, हे कुणी विचारत नाही. आणि हा उलटा हिशेब आपल्या कायद्यानेच पक्का करून ठेवला आहे.

बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात 2017 मध्ये झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली. चांगलेच झाले; पण पैसे कोणी द्यायचे? महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या विमाधारक बाईला राज्य कामगार विमा योजनेतून पैसे मिळतात. त्यावर पगार गेला की सगळा भार एकट्या मालकावर. म्हणजे जितकी शिकलेली, जितकी वरच्या पदावरची, तितकी ती नेमणाऱ्याला महाग. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2000 च्या करारात हा खर्च सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून व्हावा असे म्हटले आहे, ते उगाच नव्हे. पाळणाघराचीही तीच गत. 50 कर्मचारी असतील तिथे ते सक्तीचे, आणि दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभा कायदा देतो ती फक्त आईला. बापानेही डोकावून यावे, हे कायदा लिहिणाऱ्यांना सुचलेले दिसत नाही! केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत कायद्याने एकही दिवस नाही.

नवऱ्याचा पगार जास्त, मग तिने थांबणे व्यवहाराचेच नाही का, असे विचारले जाते. पण आपल्याकडे नवरा बहुधा वयाने मोठा, म्हणून नोकरीतही काही वर्षे पुढे. त्या दिवशीच्या पगाराची तुलना केली तर निकाल आधीच लागलेला असतो. पुढच्या पगारवाढी, बढत्या, भविष्य निर्वाह निधी यांना त्या कागदावर जागाच नसते. नोबेलविजेत्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दोन सहकाऱ्यांसह शिकागो विद्यापीठाच्या एमबीएधारकांचा अभ्यास केला. सुरुवातीला स्त्री-पुरुषांच्या कमाईत फारसा फरक नव्हता. पुढे दरी रुंदावली, ती बरीचशी मुलांमुळे पडलेल्या खंडामुळे आणि कमी केलेल्या तासांमुळे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: काही बायकांना मनापासून घरी राहायचे असते. जरूर राहावे, त्यांना नावे ठेवणारे आपण कोण? पण 2024 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला 289 मिनिटे घालवतात आणि पुरुष 88 मिनिटे, तेही जे घरकामाला हात लावतात ते पुरुष. नोकरीवरून आल्यावर पुन्हा हाच दिवस वाट पाहत असेल, तर दमून सोडलेली नोकरी आणि आवडीने सोडलेली नोकरी यांतला फरक बाहेरून कसा ओळखायचा?

रजा दिली तरी पुरुष घेणार नाहीत, अशी शंका उरते. स्वीडनने 1974 मध्ये रजा दोघांना खुली केली, तेव्हा झाले अगदी तसेच. बापांनी ती आयांच्या नावावर करून टाकली. मग 1995 मध्ये एक महिना असा राखून ठेवला की बापाने घेतला नाही तर तो बुडेल. बाप रजेवर जाऊ लागले. आज तिथे प्रत्येक पालकासाठी 90 दिवस राखीव आहेत.