मोटारींतील चर्मासन

कृष्णाजिनावर बसून संध्या करणाऱ्यांच्या वंशजांस चामड्याचें आसन कांहीं नवें नाहीं. परंतु मोटारींतील चर्मासनास, विशेषतः चालकाच्या जागीं, दोन-तीन वर्षांतच झोळ पडतो, ही तक्रार हल्लीं पुष्कळ घरांतून ऐकूं येते. विक्रेता म्हणतो, कातड्याचा हा स्वभावच आहे. हें अर्धेंच सत्य होय. बारीक सुरकुत्या स्वाभाविक खऱ्या. झोळाचें कारण बहुधा निराळें असतें. जनावराच्या पाठीकडील कातड्याचे तंतू घट्ट गुंफलेले, तर पोटाकडील विरळ असतात. हा पोटाकडील तुकडा आसनास लाविला कीं तो लौकर ताणतो. शिवाय खालचा फोम दबला म्हणजे वरचें कातडें न ताणतांहि सैल पडतें. दाराकडील उंच कडेवरून रोज घसरत उतरणाऱ्यामुळें रंग प्रथम तेथेंच झिजतो.

यावर खोबरेल चोळावें, असा सल्ला कोणी देतात. आम्हांस तो मुळींच मान्य नाहीं. आजच्या बहुतेक चर्मासनांवर पॉलियुरेथेनचा लेप असतो. तेल आंत मुरत नाहीं, वर धूळ मात्र धरतें. सौम्य साबणाच्या पाण्यांत पिळलेलें फडकें पुरे. झोळ दिसतांच मात्र वॉरंटीची मुदत पाहून, छायाचित्रासह लेखी तक्रार करावी. मुदत टळली असल्यास गादीकाम करणाऱ्या कारागिराकडून फोम बदलून तेंच कातडें पुन्हा ताणून बसवितां येतें. नवी मोटार घेतांना एवढें अवश्य विचारावें, कीं चामडें सर्व आसनास आहे, कीं केवळ बसावयाच्या भागास असून बाजूंस रेक्झिन आहे.