हळदीची रानातली भावंडं

श्रावण लागला की कोकणात परसातल्या हळदीची पानं पातोळ्यांसाठी कापली जातात. त्याच दिवसांत घाटमाथ्यावर हळदीची भावंडं फुललेली असतात, आणि त्यांची साधी विचारपूसही होत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

चवर घ्या. कासच्या पठारावर, महाबळेश्वरच्या सड्यांवर पावसाच्या ऐन भरात ती दाट माजते. कर्दळीसारखी रुंद पानं, शेंड्याला हिरवट कणीस, त्यातून डोकावणारी फिकट फुलं. उत्तर सह्याद्रीबाहेर ती उगवत नाही. जॉन ग्रॅहम यांनी १८३९ साली मुंबईकडच्या वनस्पतींच्या सूचीत तिला हळदीच्याच गोतात बसवलं; पुढच्यांनी वेगळं काढलं, आणि अलीकडे अभ्यासकांनी तिला पुन्हा घरी आणलं. महाबळेश्वरात तिच्या कंदांचं आरारूट काढत असत. आता लोक कासला जातात ते सप्टेंबरात, तेरडा आणि सोनकी बघायला. तोवर चवरीचा बहर सरलेला असतो.

शेतातल्या हळदीची गोष्ट निराळी. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे ती फुलते, पण बी धरत नाही. सांगलीकडचा शेतकरी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास जेठे गड्डे लावतो, तेव्हा गेल्या वर्षीचंच झाड पुन्हा मातीत जातं. आल्याचंही तसंच. म्हणून कंदकूज शिरली की सगळा फड एकसारखा बळी पडतो. रानहळद मात्र बी धरते, आणि बियांतून नव्या जातीची शक्यता जिवंत राहते. घाटरस्ता रुंद करताना तिचा ताटवा यंत्राखाली जातो, तेव्हा हळद पिकवणाऱ्याचंही नुकसान होतं, असं मी मानतो.

याच घराण्यातला सोनटक्का पूर्व हिमालयाकडचा, पण आपल्या अंगणात पक्का रुळलेला. त्याचं एक फूल संध्याकाळी हातात घेऊन बघा. सर्वांत रुंद, शुभ्र पाकळी वाटते ती पाकळी नाहीच. ते रूप बदललेले पुंकेसर आहेत. खरा पुंकेसर एकच, बाहेर झेपावलेला. त्याच्या परागकोशाच्या खाचेतून स्त्रीकेसराची बारीक दोरी जाते आणि टोकाला हिरवा ठिपका दिसतो. हीच मांडणी हळदीत, हीच चवरीत.

शाळांच्या सहली कासला जातातच. एखादी जुलैअखेर न्यावी, आणि मुलांना पायवाटेवरूनच चवर दाखवावी.