गर्दीचे गणित कोणी मांडावयाचे?

आवडत्या खेळाडूचे अथवा नटाचे ओझरते दर्शन घडावे म्हणून माणसे तासन्‌तास तिष्ठत उभी राहतात, याचे कोणास नवल वाटत नाही. परंतु त्या दर्शनासाठी घराबाहेर पडलेली माणसे परत न येण्याचे प्रसंग आपल्या देशात आता इतक्या वारंवार घडू लागले आहेत की, त्यांचा विचार केवळ हळहळीच्या पातळीवर करून चालणार नाही. बंगळूर येथे 4 जून 2025 रोजी क्रिकेट संघाच्या विजयोत्सवाला लोटलेल्या गर्दीत चिन्नास्वामी क्रीडांगणाच्या दारांपाशी 11 जण गुदमरून व चिरडून मरण पावले. सुमारे 35 हजार प्रेक्षकांची सोय असलेल्या त्या जागी काही लाख माणसे जमली होती. आणि बाहेर प्राण जात असताना आत सोहळा चालू होता. पुढे चारच महिन्यांच्या आत, 27 सप्टेंबर 2025 रोजी, तामिळनाडूतील करूर येथे राजकारणात उतरलेल्या एका लोकप्रिय नटाच्या सभेत 41 जणांनी प्राण गमावले. तेथील जनसमुदाय अनेक तास त्याची वाट पाहत खोळंबला होता.

हे परप्रांतांतील प्रकार आहेत, असे म्हणून महाराष्ट्राला स्वस्थ बसता येणार नाही. नागपुरात 23 नोव्हेंबर 1994 रोजी गोवारी समाजाच्या मोर्चात 114 जीव गेले. सातारा जिल्ह्यातील मांढरदेवी येथे 25 जानेवारी 2005 रोजी काळूबाईच्या यात्रेत, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर माणसे घसरली आणि 290 हून अधिक भाविकांचा अंत झाला. मुंबईत 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर पावसापासून आडोसा शोधणारे आणि गाडीतून उतरणारे समोरासमोर आले, व 23 प्रवासी दगावले. खारघर येथे 16 एप्रिल 2023 रोजी पुरस्कार समारंभासाठी भर उन्हात बसलेल्यांपैकी 14 जण उष्माघाताला बळी पडले. आणि 4 जुलै 2024 रोजी विश्वविजेत्या क्रिकेट संघाच्या स्वागतासाठी मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर उसळलेल्या जनसागरात कित्येकांचा श्वास कोंडला, काहींना रुग्णालयात न्यावे लागले. मोठा अनर्थ टळला, तो पुष्कळसा दैवयोगानेच म्हणावा लागेल.

या घटनांची निमित्ते निरनिराळी आहेत. कोठे भक्ती, कोठे क्रिकेट, कोठे नोकरीच्या वाटेवरची रोजची धावपळ. प्रत्येक वेळी वृत्तपत्रांत शब्द मात्र एकच छापला जातो: ‘चेंगराचेंगरी’. या शब्दानेच अर्धा घोटाळा केला आहे. लोक बेभान होऊन धावत सुटले व त्यांनी एकमेकांना तुडविले, असे चित्र त्यातून उभे राहते आणि दोष आपोआप मृतांच्या माथी येतो. वस्तुस्थिती बहुधा वेगळी असते. एका चौरस मीटरात चार माणसे असेपर्यंत प्रत्येकाला आपल्या पायांवर ताबा ठेवता येतो. ती संख्या पाच-सहाच्या पुढे गेली की पाऊल टाकणे स्वतःच्या हाती राहत नाही. आणि सात-आठवर जमाव पाण्यासारखा हेलकावू लागतो. मागच्याने दिलेला लहानसा रेटा पुढे वाढत जातो. छातीवर चहूंकडून दाब आल्याने फुप्फुसे फुगत नाहीत, आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. मागच्या रांगांना पुढे काय चालले आहे याची वार्ताही नसते. इंग्लंडमधील हिल्सबरो क्रीडांगणावर 15 एप्रिल 1989 रोजी फुटबॉलचे 97 चाहते मेले, तेव्हाही प्रारंभी चाहत्यांच्याच उनाडपणाकडे बोट दाखविण्यात आले होते. जमाव हाताळण्यातील पोलिसांची अक्षम्य चूक त्याच्या मुळाशी होती, हे न्यायासनासमोर निर्विवाद ठरावयास 2016 साल उजाडावे लागले.

तेव्हा गर्दीचे गणित गर्दीने मांडावयाचे नसून, ज्याने गर्दीला निमंत्रण दिले त्याने मांडावयाचे असते, हे प्रथम मान्य झाले पाहिजे. जागा किती, दारे किती, बाहेर पडण्याच्या वाटा कोणत्या, एका दारातून मिनिटाला किती माणसे जातील, या हिशेबाला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2014 साली याविषयीची सविस्तर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे. 2005 च्या कायद्यान्वये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणही आहे. उणीव आहे ती नियम कागदावरून मैदानावर उतरविण्याची. एल्फिन्स्टनचा जिना अपुरा आहे हे प्रवाशांना दिसत होतेच. दुर्घटना घडल्यावर मात्र लष्कराने काही महिन्यांत नवा पूल उभारला आणि 27 फेब्रुवारी 2018 रोजी तो खुला झाला. जे मृत्यूनंतर पाच महिन्यांत होऊ शकते, ते आधी का होत नाही, याचे उत्तर कोणत्याही चौकशी अहवालात सापडत नाही.

रत्नागिरीकरांनी हा विषय आपला मानावयास हवा. आपले शहर लहान आहे, हे समाधान फसवे आहे. कारण दाटी लोकसंख्येवर अवलंबून नसून जागेवर अवलंबून असते. शिमग्यात श्री देव भैरीची पालखी निघते तेव्हा राम आळीसारख्या चिंचोळ्या रस्त्यांत किती खांदे भिडतात, हे येथे कोणास सांगावयास नको. गणेशोत्सवात कोकण रेल्वेच्या फलाटावर मुंबईहून उतरणारे चाकरमानी, विसर्जनाच्या सायंकाळी मांडवीचा किनारा, अंगारकीला गणपतीपुळ्याची रांग, आणि एखादा चित्रपटातील तारा दुकानाच्या उद्‌घाटनास येतो तेव्हाचा रस्ता, ही सर्व एकाच प्रश्नाची रूपे आहेत. पुळ्याला तर देवळाच्या पायरीशीच समुद्र आहे. शिवाय गंभीर जखमींसाठी अधिक मोठ्या उपचारांची गरज पडली, तर घाट ओलांडून कोल्हापूर गाठावे लागते. ज्या गावापासून मोठे रुग्णालय दूर असते, त्या गावाने अपघात टाळण्याची दक्षता दुपटीने घ्यावी, हे उघड आहे.

म्हणून आमच्या काही मागण्या आहेत. जेथे मोठा जमाव अपेक्षित आहे अशा कार्यक्रमाला परवानगी देताना जागेची क्षमता आकड्यांत लिहिली जावी व ती दर्शनी फलकावर लावली जावी. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट वेगळी असावी. रुग्णवाहिकेचा मार्ग दोरखंड बांधून मोकळा ठेवावा; तेथे पाहुण्यांच्या मोटारी लागू नयेत. पाणी व सावली यांची सोय पाहुण्यांच्या मंडपापुरती नसावी. आणि आकडा पुरा होताच दार बंद करण्याचा व कार्यक्रम थांबविण्याचा अधिकार एका नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाती असावा. व्यासपीठावर कोण बसले आहे, याचा मुलाहिजा त्याने बाळगू नये.

दुसरा प्रश्न जखमींचा. श्वास बंद पडल्यानंतर मेंदू काही मिनिटेच तग धरतो. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका कितीही तत्परतेने आली, तरी ती मिनिटे शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्याच हातची असतात. निपचित पडलेल्या, श्वास न घेणाऱ्या माणसाच्या छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहणे ही कृती शाळकरी मुलेही शिकू शकतात. उष्माघाताच्या रोग्याला सावलीत नेऊन ओल्या कपड्यांनी व वाऱ्याने आधी थंड करावे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. मानेला वा पाठीला मार बसलेल्यास, जागा सुरक्षित असेल तर, हातापायांना धरून उचलू नये. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आणि मंडळांचे कार्यकर्ते यांना हे शिक्षण उत्सवांपूर्वी देता येईल. ढोलताशांच्या सरावाला जेवढा वेळ दिला जातो, त्याचा दशांशही त्यास पुरेल.

नागरिकांचेही कर्तव्य आहेच. तान्ह्या मुलांना आणि वृद्धांना दाटीत नेण्याचा हट्ट सोडावा. आत शिरताना बाहेरची दुसरी वाट पाहून ठेवावी. रेटा जाणवू लागताच हात छातीपुढे घेऊन श्वासापुरती जागा राखावी, प्रवाहाविरुद्ध न झगडता तिरकस कडेला सरकावे, आणि पडलेली वस्तू उचलण्यास वाकू नये. पाय घसरून पडल्यास व उठता येत नसल्यास कुशीवर वळून डोके हातांनी झाकावे.

अशा निर्बंधांनी उत्सवाचा रंग उतरेल, लहान मंडळांना कार्यक्रम करणे अवघड होईल, असा आक्षेप येईल. तो अगदीच निराधार नाही. शंभर श्रोत्यांच्या गाण्याच्या बैठकीला आणि पन्नास हजारांच्या सभेला एकच फूटपट्टी लावणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या आयोजकापाशी रोषणाईला, ध्वनिवर्धकांना आणि फलकांवरील छायाचित्रांना पैसा आहे, त्याच्यापाशी दोन जादा दारांना आणि चार प्रशिक्षित स्वयंसेवकांना तो नाही, असे आम्ही मानावयास तयार नाही. मृतांच्या वारसांना जाहीर होणारे लाखांचे साहाय्य हा शासनाच्या कनवाळूपणाचा पुरावा नव्हे. आधी न केलेल्या खर्चाची ती उशिरा चुकती केलेली रक्कम असते. 2027 साली नाशिकला सिंहस्थाची स्नाने होतील, आणि तेथेच 27 ऑगस्ट 2003 रोजी 39 भाविक चिरडले गेले होते, हे राज्य सरकारने विसरता कामा नये. रत्नागिरीने मात्र सिंहस्थाची वाट पाहण्याचे कारण नाही. पालखीचा मार्ग मोजावयास एक दिवस पुरतो, आणि तो दिवस नगरपरिषदेने व पोलिसांनी पुढच्या उत्सवापूर्वी काढावा.